चांगल्या कोलेस्टेरॉलची गाडी आणि माल उतरवून घेणारं दार

आमच्या क्षेत्रातल्या पेपरांच्या पहिल्या परिच्छेदात एक विधान हमखास भेटतं. शब्द बदलतात, मतितार्थ तोच: लिपोप्रोटीन हे निसर्गानेच घडवलेले सूक्ष्म कण आहेत, शरीराला ते परके वाटत नाहीत, म्हणून त्यांच्यात एखादा रक्षक रेणू भरून दिला की पेशी तो बिनतक्रार आत घेतील. सोबत एक देखणं चित्र असतं. गोल कण, त्याच्या पोटात लाल ठिपके, मग एक बाण, आणि बाणाच्या टोकाशी पेशी. बाण काढायला सगळ्यात सोपा, आणि सगळा प्रश्न त्या बाणातच दडलेला.

हे विधान खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. ते अर्धं आहे, ही माझी तक्रार आहे. माल कशात भरला हे आपण रंगवून सांगतो; तो कुणी, कुठे आणि कसा उतरवून घेतला हे एका बाणात आटोपतो. या अर्धवटपणाची किंमत हजारो पेशंटांच्या वेळेत मोजली गेली आहे, आणि 'चांगलं कोलेस्टेरॉल' नावाचा गैरसमज तुमच्या-माझ्या घरापर्यंत पोचला आहे. गंमत म्हणजे या चुकीच्या सवयीवरचा उत्तम उतारा मी जिथे पोस्टडॉक करते त्या सिंगापुरातच तयार झालाय. तेव्हा चला, हे साहित्य जरा नीट वाचून बघू.

आधी गाडी बघून घेऊ

तेल पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त हे मुख्यतः पाणी. म्हणून शरीर स्निग्ध पदार्थांना प्रथिनांचं कवच घालून कणांच्या रूपात फिरवतं. एलडीएलचा कण साधारण २२ नॅनोमीटरचा. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉल एस्टरचे सुमारे १,५०० रेणू, आणि अंगाभोवती अपो-बी हे एकच भलंमोठं प्रथिन. एचडीएल त्याहून लहान, साधारण ७ ते १२ नॅनोमीटर. या कणांमधून फक्त कोलेस्टेरॉल जातं असं नाही. ई जीवनसत्त्व जातं, एस१पी नावाचा एक छोटा पण जबरदस्त संदेशवाहक लिपिड जातो, आरएनएचे बारीक तुकडेही सापडले आहेत. म्हणजे पेशींचं रक्षण करणारा माल या गाड्यांमधून खरोखरच फिरतो.

'गाडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेम्पो येतो किंवा मुंबईचा डबेवाला. दोन्ही उपमा थोड्या फसव्या आहेत बरं का. डब्याच्या झाकणावर पत्त्याची खूण असते आणि डबा त्याच माणसाच्या टेबलावर जातो. लिपोप्रोटीनच्या अंगावरचं प्रथिन ही खूण आहे खरी, पण ती वाचणारं कुणी समोर असेल तरच तिला अर्थ. शिवाय ही गाडी वाटेत बदलते. यकृतातून व्हीएलडीएल म्हणून निघालेला कण माल उतरवत उतरवत लहान होतो आणि एलडीएल बनतो. एचडीएल तर वाटेत इतर कणांशी मालाची अदलाबदल करत असतं. त्यामुळे अमुक गाडीत अमुक माल भरला म्हणजे तो तिथेच राहील, ही पहिली अटकळच कच्ची.

माल उतरवून घेण्याच्याही तीन वेगळ्या तऱ्हा आहेत. पहिली, अख्खी गाडीच गिळायची. एलडीएलचं असंच होतं. तो रिसेप्टर शोधून कोलेस्टेरॉलचा हिशेब उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. दुसरी, गाडी बाहेरच थांबवून आतला माल तेवढा काढून घ्यायचा. एचडीएलसाठी एसआर-बी१ नावाचं प्रथिन हे काम करतं. १९९६ मध्ये त्याची ओळख पटली. तिसरी, आत काहीच घ्यायचं नाही, दाराची बेल वाजली तेवढं पुरे. एस१पी असाच वागतो: रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवरच्या रिसेप्टरला तो बाहेरून भिडतो, आणि त्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहतात. बहुतेक चित्रांमधला बाण या तीन गोष्टी एकाच रेघेत दाखवतो. 'पेशीत पोचवलं' असं म्हणणारा पेपर यांपैकी नेमकं काय झालं ते सांगत नसेल, तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही असं समजावं.

गाडीच नसेल तर

गाडीचं महत्त्व मी कमी लेखत नाहीये. अबीटालिपोप्रोटीनेमिया नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. यात अपो-बी असलेले कण शरीराला बनवताच येत नाहीत. जेवणातली चरबी शोषली जात नाही, आणि तिच्याबरोबर ई जीवनसत्त्वही आत येत नाही. हळूहळू नसा आणि डोळ्यांचा पडदा खराब होत जातो. लहान वयातच ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुरू केले तर हे नुकसान बरंच रोखता येतं. लिपोप्रोटीनमधून रक्षक रेणू पोचतात आणि त्यांच्यावाचून अडतं, याचा माणसातला याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आता याला लागून दुसरी गोष्ट ठेवा. २००० साली 'होप' या मोठ्या चाचणीचे निकाल आले. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ९,५४१ लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं होतं. साडेचार वर्षांनी हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू यांत काही फरक दिसला नाही. ज्याची वाहतूक मोडली आहे त्याला तोच रेणू वाचवतो. ज्याची वाहतूक ठीक आहे त्याला जादा माल देऊन काही साधत नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचायची सवय आपल्या क्षेत्राला असती, तर पुढचे बरेच कष्ट वाचले असते.

सिंगापूरची दोन दारं

आउटरामच्या ड्यूक-एनयूएसमध्ये डेव्हिड सिल्व्हर यांची लॅब आहे. २०१४ मध्ये या लॅबने 'नेचर'मध्ये एक पेपर छापला. प्रश्न साधा होता: मेंदूत डीएचए हे ओमेगा-३ भरपूर असतं, पण मेंदू ते स्वतः फारसं बनवत नाही, मग रक्तातून ते आत जातं कसं? उत्तर निघालं एमएफएसडी२ए नावाचं एक वाहक प्रथिन. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते बसलेलं असतं आणि डीएचए आत घेतं. पण सुटं डीएचए नाही, तर लायसोफॉस्फटिडिलकोलिन, म्हणजे एलपीसी, या लिपिडला जोडलेलं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत डीएचए खूप कमी भरलं, मेंदू लहान राहिला, शिकणं मंदावलं आणि भित्रेपणा वाढला.

काटेकोर बोलायचं तर ही शुद्ध लिपोप्रोटीनची गोष्ट नाही. एलपीसी रक्तात बराचसा अल्ब्युमिनला धरून फिरतो, थोडा लिपोप्रोटीनवर. पण म्हणूनच ती शिकवते. रक्तातलं कितीतरी डीएचए लिपोप्रोटीनच्या पोटात वेगवेगळ्या रूपांत बसलेलं असतं, आणि हे दार त्यातलं एकच रूप ओळखतं. (सुटं डीएचए मेंदूत किती जातं यावर संशोधकांमध्ये वाद आहे, तो पूर्ण मिटलेला नाही. पण दार बंद केल्यावर काय होतं, ते मात्र स्पष्ट दिसलं.)

पुढच्याच वर्षी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दोन पेपर एकदम आले, दोन्हींत सिल्व्हर यांचा सहभाग. उत्तर आफ्रिकेतली आणि पाकिस्तानातली काही कुटुंबं, त्यांतल्या मुलांची डोकी जन्मापासून लहान, आणि त्यांच्या याच जनुकात बिघाड. या मुलांच्या रक्तात एलपीसी कमी नव्हता, उलट वाढलेला होता. हे वाक्य दोनदा वाचा. दार बिघडलं म्हणून माल बाहेर साचला. रक्त तपासून कुणी म्हणालं असतं, साठा तर भरपूर आहे!

२०१४ च्या पेपरचा पहिला लेखक लाँग न्गुयेन तेव्हा सिल्व्हर यांच्याकडे काम करत होता. नंतर त्याने एनयूएसमध्ये स्वतःची लॅब उभी केली आणि २०१७ मध्ये त्या लॅबचा पेपर 'नेचर'मध्येच आला. या वेळी भावंड-प्रथिन, एमएफएसडी२बी. एस१पी मोठ्या प्रमाणात तांबड्या पेशींमध्ये तयार होतो आणि साठतो, हे माहीत होतं. तिथून तो बाहेर कुठून पडतो, हे माहीत नव्हतं. एमएफएसडी२बी हे ते बाहेरचं दार. ते नसलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात एस१पी जवळपास निम्म्यावर आला, तांबड्या पेशींमध्ये तो कोंडून राहिला, आणि तीव्र ॲलर्जीचा शॉक या उंदरांना जास्त जड गेला.

बाहेर पडलेला एस१पी मग गाडी पकडतो. २०११ मध्ये एका युरोपीय-अमेरिकी गटाने दाखवलं की एचडीएलमधला एस१पी अपो-एम नावाच्या प्रथिनाच्या खिशात बसलेला असतो. हे अपो-एम सुमारे ५ टक्केच एचडीएल कणांवर असतं. म्हणजे रक्तवाहिन्यांचं रक्षण करणारा हा नामांकित माल वीसातल्या साधारण एका गाडीत आहे, आणि लॅबच्या रिपोर्टात आपण मोजतो ते सगळ्या गाड्यांमधलं कोलेस्टेरॉल! २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: अल्ब्युमिनवरचा एस१पी आणि एचडीएलवरचा एस१पी त्याच रिसेप्टरवर बसूनही वेगवेगळं काम करून घेतात, दाह आवरण्याचं काम एचडीएलवाला करतो. इथे गाडीला खरंच अर्थ आहे, पण तो दाराशी काय घडतं त्यावरून ठरतो.

मला ही सगळी कामं का आवडतात? यांतल्या कुणी नुसती गाडी चकाकवून दाखवलेली नाही. दार काढून घेतलं, आणि काय मोडतं ते पाहिलं. न्यूयॉर्क-बॉस्टनकडच्या टिमोथी ह्ला यांच्या गटाने २०१७ मध्ये तर एचडीएलचा अख्खा कण बाजूला ठेवला. फक्त अपो-एम घेतलं, रक्तात जास्त टिकावं म्हणून त्याला अँटिबॉडीचा एक तुकडा जोडला आणि त्यातून एस१पी दिला. उंदरांमध्ये रक्तदाब उतरला, रक्तपुरवठा तुटल्यावर होणारी इजा कमी झाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे धरूनही विचार करण्याची पद्धत बघा: आधी दार, मग त्याला लागेल तेवढीच गाडी.

गाड्या वाढवून पाहिल्या

आता उलट दिशेचा इतिहास. एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो, हे निरीक्षण जुनं आणि पक्कं. त्यावरून निष्कर्ष निघाला की एचडीएल वाढवा. टॉरसेट्रापिब हे औषध एचडीएल ७० टक्क्यांहून जास्त वाढवत होतं. १५,०६७ लोकांवरची त्याची चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात ९३ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात ५९. या औषधाने रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे सगळा दोष एचडीएलच्या कल्पनेवर टाकणं अन्यायाचं होईल. पण आकडा वर गेला म्हणजे माणूस वाचला, हा भ्रम त्या दिवशी फुटायला हवा होता.

तो पुरता फुटला नाही. २०२४ मध्ये 'एजिस-२' चाचणीचे निकाल आले. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले १८,२१९ पेशंट. त्यांतल्या निम्म्यांना माणसाच्या रक्तद्रवातून काढलेलं अपो-ए१, म्हणजे एचडीएलचं मुख्य प्रथिन, आठवड्याला एकदा असं चार वेळा शिरेतून दिलं. ९० दिवसांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक यांचं प्रमाण औषधाच्या गटात ४.८ टक्के, दुसऱ्यात ५.२ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. चाचणी प्रामाणिक होती, आखणी चांगली होती, आणि इथे मोजलेला आकडा नुसता कोलेस्टेरॉलचा नव्हता; धमनीतून कोलेस्टेरॉल उचलून न्यायची क्षमता वाढते हे आधीच दाखवलं होतं. तरीही अटॅक आलेल्या धमनीत नेमकं कोणतं दार उघडायचंय, हे बाणाखालीच राहिलं.

आणि ज्याने ही सगळी चर्चा बदलायला हवी होती, तो पेपर २०१६ चा, 'सायन्स'मधला. एसआर-बी१ आठवतंय ना, एचडीएलमधून माल काढून घेणारं दार? काही लोकांत त्याच्या जनुकात एक दुर्मिळ बदल असतो. दार नीट उघडत नाही, आणि रक्तात एचडीएल खूप वाढतं. रिपोर्टात एकदम झकास. पण या लोकांना हृदयविकाराचा धोका कमी नाही, जास्त निघाला. पाकिस्तानातल्या त्या मुलांच्या रक्तातला एलपीसी आणि या लोकांच्या रक्तातलं एचडीएल ही एकाच नियमाची दोन उदाहरणं आहेत: रक्तातला आकडा कधी माल पोचतोय म्हणून वाढतो, कधी पोचतच नाहीये म्हणून.

आत शिरलं म्हणजे पोचलं?

लिपोप्रोटीनच्या युक्तीचं सगळ्यात मोठं यश ज्याच्या नावावर आहे, त्यात लिपोप्रोटीन भरलेलंच नसतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पॅटिसिरान हे आरएनएवर चालणारं औषध मंजूर झालं. ते कृत्रिम लिपिड कणांतून देतात. हे कण रक्तात गेल्यावर अपो-ई हे लिपोप्रोटीनचं प्रथिन अंगावर चढवून घेतात, आणि यकृत त्यांना आपलं म्हणून ओढून घेतं. म्हणजे निसर्गाची गाडी वापरली नाही, गाडीची नंबरप्लेट तेवढी उसनी घेतली. चालली, कारण ती वाचणारं दार यकृतावर भरपूर आहे. आणि त्याच कारणाने यकृत सोडून दुसरीकडे जायचं म्हटलं की हीच पाटी आड येते.

त्याआधी आरएनएला कोलेस्टेरॉल चिकटवून थेट एचडीएल-एलडीएलवर बसवण्याचे प्रयोग झाले. २००७ मध्ये दिसलं की कोणत्या अवयवाला माल मिळेल, हे कणाचा प्रकार आणि समोरचा रिसेप्टर यांवर ठरतं. नंतर यकृतासाठी या क्षेत्राने गाडीच सोडली आणि रेणूला एक विशिष्ट साखर जोडली, जी यकृताच्या पेशी नेमकी ओळखतात. एलडीएल उतरवणारं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन तसंच चालतं. पत्ता नीट लिहिता आला की गाडीचं कौतुक आपोआप कमी होतं.

पेशीत शिरल्यावरही गोष्ट संपत नाही. गिळलेला कण आधी एका पिशवीत अडकतो. २०१३ मध्ये एका गटाने मोजलं, तर लिपिड कणांतून आत गेलेल्या आरएनएपैकी जेमतेम १ ते २ टक्के त्या पिशवीतून सुटून कामाच्या जागी पोचत होतं. म्हणून पेपरातल्या चमकणाऱ्या हिरव्या पेशींचा फोटो पाहून मी हुरळत नाही. तो हिरवा रंग बहुतेक वेळा पिशवीतच बसलेला असतो.

'नैसर्गिक' या शब्दाबद्दल

निसर्गाचा कण म्हणून सुरक्षित, हे तर्कट आपल्याकडे फार लवकर पटतं. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' ऐकत आपण वाढलोय. पण धमनीच्या भिंतीत शिरून बसणारं एलडीएलही अगदी अस्सल नैसर्गिक आहे. ग्रँटच्या अर्जात हा शब्द आला की परीक्षकाने थांबवून विचारायला हवं: सुरक्षित कुणासाठी, कोणत्या पेशीत, किती दिवस?

घरच्या रिपोर्टाचं काय?

हा सगळा पेपरबाजीचा मामला वाटत असेल तर थांबा. सिंगापूर हे असं शहर आहे, जिथे चिनी, मलय आणि भारतीय वंशाचे लोक एकाच आरोग्यव्यवस्थेत राहतात, त्यामुळे तुलना करता येते. १९९० च्या सुमाराच्या इथल्या अभ्यासांत भारतीयांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जास्त आणि एचडीएल कमी आढळलं. २००७ च्या 'इंटरहार्ट' विश्लेषणात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरत्र ५९च्या आसपास. म्हणजे आपल्या घरात हा आकडा चर्चेला येणारच.

आला की दोन गोष्टी करा. पहिली, एकक बघा. इथल्या रिपोर्टात १.० लिहिलेलं असतं ते मिलिमोलमध्ये. पुण्याच्या रिपोर्टातलं ३९ मिलिग्रॅम म्हणजे तेवढंच. दुसरी, कमी एचडीएल हा धोक्याचा इशारा म्हणून घ्या, पण तो आकडा वाढवणं हे उद्दिष्ट समजू नका. आणि 'बाबांचं एचडीएल छान आहे, मग एलडीएलची गोळी कशाला' हे वाक्य घरात कुणी म्हणालं, तर प्रेमाने पण ठामपणे अडवा. एलडीएल उतरवल्याने जीव वाचतात, हे मोठ्या चाचण्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. एचडीएलचा आकडा वाढवून जीव वाचतात, हे अजून कुणी दाखवलेलं नाही.

आणि तुमच्यापैकी जे या क्षेत्रात पीएचडी करत आहेत त्यांना: पुढच्या वेळी तुमच्या आकृतीत तो बाण काढाल, तेव्हा त्याच्या वर दाराचं नाव लिहा. नाव माहीत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह काढा. आणि एक प्रयोग असा ठेवा, ज्यात ते दार बंद केलेलं आहे. दार बंद करूनही तुमचा परिणाम तसाच दिसला, तर तुमचा माल त्या वाटेने गेलेलाच नाही, आणि ते तुम्हाला परीक्षकाच्या आधी कळलेलं बरं.